पहिला बेस घेताना: रूप बघा, मग अंगाला लावून बघा

नागपुरात बर्डीवरच्या किंवा सदरमधल्या वाद्यांच्या दुकानात शिरलेला नवशिका आधी भिंतीकडे बघतो. ओळीने टांगलेल्या गिटारी, त्यांत लांब मानेचे दोन-तीन बेस, म्हणजे खालचे सूर देणाऱ्या जाड तारांच्या गिटारी, आणि त्यातल्या एकावर नजर अडकते. "भाऊ, तो काळावाला काढा न." निवड तिथेच निम्मी झालेली असते. यात चूक काहीही नाही, असं मी ठामपणे म्हणतो. जे वाद्य बघून हात शिवशिवतात तेच माणूस रोज उचलतो, आणि पहिल्या वर्षात रोज उचलण्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नसतं. 'रूप काय बघतोस, आवाज बघ' असं म्हणून मुलांना गप्प करणारे शिक्षक बरेच आहेत. मला ते पटत नाही. नवशिक्याच्या कानाला दोन बेसच्या आवाजातला फरक अजून नीट कळत नसतो. डोळ्यांना जे आवडलं ते मात्र खरंच आवडलेलं असतं.

पण हे साडेतीन-चार किलोचं लाकूड पुढची काही वर्षं तुमच्या मांडीवर, बरगड्यांवर आणि खांद्यावर टेकणार आहे. भिंतीवर देखणा दिसणारा आकार अंगावर आल्यावर कसा वागतो हे फोटोत सगळं कळत नाही. म्हणून आवड आणि अंग, दोन्हींचं जमेल अशा क्रमाने कसं निवडायचं ते सांगतो.

१. आवडलेल्या आकाराचं कूळ ओळखा

दुकानात जाण्याआधी मनात भरलेल्या तीन-चार बेसचे समोरून काढलेले फोटो फोनमध्ये साठवा. बाजारात मॉडेल शेकड्यांनी आहेत, पण आकारांची कुळं थोडकीच आहेत.

सगळ्यात मोठं कूळ अमेरिकेच्या फेंडर कंपनीचं. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला. तोवर बेस म्हटलं की माणसाहून उंच, उभ्याने वाजवायचा डबल बेस. नवं वाद्य गिटारीसारखं गळ्यात अडकवायचं होतं, पण त्याची मान गिटारीपेक्षा बरीच लांब होती. बॉडीचं वरचं शिंग, म्हणजे मानेशेजारी पुढे आलेलं टोक, आणखी पुढे ओढलं की पट्ट्याचं बटण मानेच्या दिशेने सरकतं आणि वाद्याचा तोल सांभाळला जातो. आज बेसची ओळख बनलेली ती दोन शिंगं अशी गरजेतून आली आहेत. सुरुवातीच्या प्रिसिजनच्या कडा सरळ कापलेल्या होत्या, आणि १९५४ मध्ये त्या पोटाच्या बाजूने आणि उजव्या हाताखाली उतरत्या केल्या गेल्या. फेंडरच्याच, १९६० मध्ये आलेल्या जॅझ बेसची कंबर तिरकी आहे, म्हणजे वरचा आणि खालचा खळगा समोरासमोर येत नाही. त्याची मानही नटपाशी, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात तिथे, अरुंद असते. जॅझची रुंदी साधारण ३८ मिलिमीटर, तर प्रिसिजनची ४१ च्या आसपास. बोटं आखूड असतील तर हा तीन मिलिमीटरचा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

दुसरं कूळ गिब्सन या कंपनीचं. १९६३ चा थंडरबर्ड मोटारींचं डिझाइन करणाऱ्या रे डीट्रिच यांनी रेखाटला होता, आणि त्याच्या उलट्या झुकावाच्या बॉडीत ती मोटारीची ऐट स्पष्ट दिसते. गिब्सनच्याच एसजी गिटारीच्या आकाराचे, दोन टोकदार पण आखूड शिंगांचे बेसही याच घरातले. तिसरं कूळ व्हायोलिनच्या आकाराचं. जर्मनीच्या हॉफनर कंपनीचा असा बेस बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांच्यामुळे जगभर पोहोचला. ते डावखुरे, आणि हा आकार दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने उलटा धरला तरी विचित्र दिसत नाही. हा बेस आतून पोकळ आणि वजनाला अगदी हलका असतो.

चौथं कूळ पातळ, गोलसर, हाताला गुळगुळीत लागणाऱ्या आधुनिक बेसचं. आयबानेझ कंपनीची १९८७ पासूनची एसआर मालिका हे त्याचं ठळक उदाहरण. शिवाय व्ही आकाराचे, ताऱ्यासारखे टोकदार बेस आहेत, आणि नेड स्टाइनबर्गर यांनी प्रसिद्ध केलेले, हेडस्टॉक (मानेच्या टोकाचं खुंट्यांचं डोकं) नसलेले बेसही आहेत. नागपुरात दुकानात हाताळायला मिळतील ते बहुधा पहिल्या आणि चौथ्या कुळातले. बाकीचे मागवावे लागतात, म्हणून पुढची पायरी जास्त कामाची आहे.

२. फोटोवर एक रेघ ओढा

फोटोत बेस आडवा ठेवा, मान डावीकडे. वरच्या शिंगाच्या टोकावर पट्टा अडकवायचं बटण असतं. त्या बटणापासून सरळ खाली, मानेला काटकोनात, एक रेघ ओढा. फोनमध्ये फोटोवर बोटाने रेघ मारता येते, तेवढं पुरे. मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात. रेघ बाराव्या फ्रेटच्या आसपास पडली तर तो बेस उभ्याने वाजवताना बहुतेक तोल धरेल. बारावा फ्रेट ओळखायला सोपा आहे, कारण बहुतेक मानांवर तिथे एकाऐवजी दोन ठिपके असतात. रेघ सोळाव्या-सतराव्या फ्रेटवर किंवा त्याहून बॉडीकडे पडली, किंवा बटण शिंगावर नसून मानेच्या मुळाशी मागे असलं, तर सावध व्हा.

अशा बेसमध्ये दोन अडचणी एकदम येतात. पहिली, हात सोडला की हेडस्टॉक जमिनीकडे झुकतो. वाजवणारे याला नेक डाइव्ह म्हणतात. दुसरी अडचण फारसं कोणी सांगत नाही. पट्ट्याचं बटण बॉडीकडे सरकलं की गळ्यात अडकवल्यावर आख्खं वाद्य डावीकडे सरकतं, आणि पहिला फ्रेट तुमच्यापासून आणखी लांब जातो.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या अकरावीतल्या एका मुलीच्या बाबतीत हे अगदी स्वच्छ दिसलं. चणीने लहान म्हणून घरच्यांनी आखूड स्केलचा, म्हणजे आखूड तारांचा, एसजी आकाराचा बेस ठरवला होता. गर्द लाल, फार सुंदर. बसून ती छान वाजवायची. उभी राहिली की डावा हात कोपरातून पूर्ण ताणला जायचा आणि करंगळीला बळ उरायचं नाही. मग तिच्या गळ्यात लांब शिंगाचा, पूर्ण मापाचा जॅझ आकाराचा बेस घातला. त्याचा स्केल साधारण चार इंचांनी लांब, तरी पहिला फ्रेट तिच्या जवळ आला. वाद्य लहान म्हणजे लहान अंगाला सोपं, हा हिशोब दर वेळी बरोबर येत नाही.

३. स्केल ठरवा

नटपासून ब्रिजपर्यंत (तारा बॉडीवर जिथे टेकतात तो भाग) तारेची जी कंप पावणारी लांबी, तिला स्केल म्हणतात. बहुतेक बेस ३४ इंचांचे असतात. आखूड स्केल म्हणजे साधारण ३० इंच. फेंडरचा १९६६ चा मस्टँग बेस त्या मापाचा, व्हायोलिन बेसही त्याच मापाचा. २८.६ इंचांचे अगदी लहानही मिळतात. लहान मुलांसाठी ते उत्तम.

फरक किती, ते बोटांच्या भाषेत सांगतो. ३४ इंची बेसवर नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर सुमारे १७८ मिलिमीटर, ३० इंचीवर १५७. म्हणजे चार बोटांनी चार फ्रेट झाकायचे तर दोन सेंटिमीटरचा ताण वाचतो. पंजा लहान असेल, मनगट पूर्वी दुखावलेलं असेल किंवा मूल दहा-बारा वर्षांचं असेल तर ३० इंची बेस बिनधास्त घ्या.

पण छोट्या पंजाला ३४ इंच जमतच नाही, असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. खालच्या फ्रेटवर चारऐवजी तीन फ्रेटचाच आवाका धरायचा, पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरायचं आणि हात सरकवत राहायचं, ही पद्धत डबल बेसवाल्यांकडून आलेली आहे आणि आजही रोज वापरली जाते. आखूड स्केलची किंमतही मोजावी लागते. तारा थोड्या ढिल्या लागतात, जाड ई तार जरा गुबगुबीत बोलते, आणि तारांचा संचही आखूड मापाचाच लागतो, जो दुकानात चटकन मिळेलच असं नाही. बेस घेतानाच एक जादा संच मागवून ठेवा.

उंच, धिप्पाड माणसाच्या गळ्यात आखूड बेस लहान दिसतो, अशी काळजी काहींना असते. दिसतो खरा. तुम्हाला ते रूप आवडत असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर ३४ इंची घ्या. स्टेजवर आपण कसे दिसतो याचा विचार करण्यात लाजण्यासारखं काही नाही.

४. दुकानात आधी बसा

पहिलं वर्ष तुम्ही बसूनच वाजवणार आहात. म्हणून हात नसलेलं स्टूल मागा, बॉडीची खालची कंबर उजव्या मांडीवर ठेवा आणि दोन्ही हात हळूच सोडा. बेस जागच्या जागी राहतो, मान खाली जाते, की वाद्य गुडघ्याकडे घसरतं, ते बघा. व्ही आकाराचा बेस सरळ मांडीवर ठेवला तर घसरतोच, त्याचा खालचा पाय दोन मांड्यांच्या मध्ये घ्यावा लागतो. हेडस्टॉक नसलेल्या अगदी छोट्या बॉडीच्या बेसना मांडीवर टेकवायला वेगळी दांडी किंवा घडीचा आधार दिलेला असतो, तो आहे ना बघून घ्या.

आता उजवा हात बॉडीच्या वरच्या कडेवरून खाली आणा आणि पाच-सात मिनिटं साध्या मोकळ्या तारा छेडत राहा. ही वेळ मुद्दाम घ्या, दुकानदार घाई करत असला तरी. मग हात उचलून कोपराखालची आतली बाजू बघा. सरळ कापलेल्या कडेच्या बेसने तिथे लालसर वळ उठतो, उतरती कड असेल तर उठत नाही. तासाभराच्या रियाजात हाच वळ मुंग्या आणतो. बारीक हाडाच्या माणसाला हे लवकर कळतं.

पोट, छाती, बरगड्या यांचंही तसंच. बॉडीच्या मागे वरच्या बाजूला खोलगट उतार असेल तर वाद्य अंगाला चिकटून बसतं. पोट पुढे असेल तर सपाट पाठीचा बेस तिरका होतो, तारा छताकडे बघायला लागतात, आणि वाजवणारा त्या बघण्यासाठी मान वाकवतो. मुलींना आणि बायकांना वरच्या शिंगाची किंवा कडेची जागा छातीवर टोचते का हे बघणं गरजेचं आहे. यात संकोच नको. दुकानदाराला कारण सांगायची गरज नाही, "दुसरा दाखवा" एवढं म्हणा.

५. मग उभे राहा

पट्टा दुकानातूनच मागा, आणि रुंद मागा. तीन इंच रुंदीचा पट्टा खांद्यावर वजन पसरवतो, दीड इंची रुततो. बसल्यावर बेस जितक्या उंचीवर होता साधारण तितक्याच उंचीवर उभ्याने यावा अशी पट्ट्याची लांबी करा, म्हणजे हातांना दोनदा शिकावं लागत नाही. बेस गुडघ्यापर्यंत लोंबता ठेवण्याचं रूप रुबाबदार आहे, मलाही आवडतं, पण त्यात डावं मनगट काटकोनापर्यंत वळतं. नव्या हाताने ते करू नये.

पट्टा चढवल्यावर डावा हात मानेवरून काढून घ्या. मान कलली तर किती कलते ते बघा. किंचित झुकून थांबत असेल तर आतून खरबरीत चामड्याचा पट्टा तेवढं धरून ठेवतो. हलक्या खुंट्या बसवूनही फरक पडतो, कारण चार जाड धातूच्या खुंट्या मानेच्या अगदी टोकाला असतात. पण मान थेट जमिनीकडे जात असेल तर तुमचा डावा हात सूर दाबण्याऐवजी वजन पेलत राहील. असा बेस कितीही देखणा असो, पहिला म्हणून मी तो कोणालाच सुचवणार नाही. दुसरा म्हणून घ्या, तोवर हात तयार झालेला असेल.

वजन अंदाजाने ठरवू नका. सामान तोलायचा लटकता काटा सोबत न्या. तो नसेल तर वजनकाट्यावर एकदा नुसते आणि एकदा बेस घेऊन उभे राहा. साडेतीन ते साडेचार किलो हे नेहमीचं माप. पाठीचा किंवा मानेचा त्रास असेल तर चारच्या आत राहा. गणपतीत किंवा नवरात्रात ऑर्केस्ट्रासोबत तीन तास उभं राहायचं असतं, तेव्हा तो अर्धा किलो चांगलाच कळतो.

मंडळाच्या स्टेजचं आणखी एक. जागा अरुंद असते, शेजारी गायकाचा माइक, मागे ढोलक-ऑक्टोपॅड. बेस हे स्टेजवरचं सगळ्यात लांब गळ्यातलं वाद्य, हेडस्टॉकसह ४६ इंचांच्या आसपास. वळताना डावीकडे बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

६. आकाराने आवाज बदलतो का?

सॉलिड, म्हणजे भरीव लाकडाच्या बॉडीच्या इलेक्ट्रिक बेसमध्ये बाह्य आकाराचा आवाजावर होणारा परिणाम इतका थोडा आहे की पहिल्या खरेदीत तो मोजू नये. आवाज ठरवतात ते पिकअप (तारांचा कंप टिपणारी चुंबकं) आणि त्यांची जागा, तारा, स्केल, आणि सगळ्यात जास्त तुमची बोटं. प्रिसिजनचा दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप १९५७ पासूनचा. तो मधल्या भागात असतो आणि भरीव, सरळ आवाज देतो. जॅझमध्ये दोन पिकअप असतात, ब्रिजकडचा उघडला की आवाज टोकदार होतो. म्हणून अणकुचीदार शिंगांचा बेस दिसायला भयंकर असला तरी त्यावर भावगीताची साथ उत्तम होते, आणि साध्या गोल बेसवर मेटल, म्हणजे दणदणीत रॉकही वाजतं. आकाराला शैलीशी बांधून घेऊ नका.

पोकळ बॉडीचं तेवढं वेगळं आहे. व्हायोलिन बेसचा सूर ठसठशीत पण लवकर विझणारा असतो, आणि मोठ्या आवाजात, स्पीकरजवळ उभं राहिलं तर तो घुमायला, शिट्टी मारायला लागतो. अॅकूस्टिक बेस गिटारीत तर बॉडीचा आकारच आवाज घडवतो. म्हणून तिची बॉडी मोठी आणि जाड असते, आणि लहान चणीच्या माणसाला उजवा हात तिच्यावरून आणणं अवघड जातं.

७. रंग आणि पॉलिश

रंग हवा तो घ्या. यात मला कोणाला काही शिकवायचं नाही. दोन बेस अंगाला सारखेच बसले तर डोळ्याला आवडणारा घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. पिकगार्ड (बॉडीवरची पातळ संरक्षक पट्टी) पुढे बदलता येतं, आणि काळ्यावर पांढरं किंवा पांढऱ्यावर काळं घातलं की वाद्य नवं दिसतं.

पॉलिश मात्र नागपूरच्या हवेत बघून घ्यावं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, घाम थांबत नाही, आणि चकचकीत पॉलिशच्या मानेवर अंगठा चिकटायला लागतो. मानेची मागची बाजू मॅट असलेली बरी. काळ्या चकचकीत बॉडीवर प्रत्येक बोटाचा ठसा आणि पुसल्याचे ओरखडे दिसतात, तिला मऊ सुती फडकं रोज लागतं. क्रोम ब्रिजचे बारीक स्क्रू घामाने गंजतात, तेही वाजवून झाल्यावर पुसा.

८. डावखुरे असाल तर

दुकानात डावखुरा बेस तयार मिळण्याची आशा धरू नका, मागवावाच लागेल. उजवा बेस उलटा धरून काम भागवायचा मोह होतो. पण लांब शिंग खाली जातं, पट्ट्याचं बटण आखूड शिंगावर येतं, तोल बिघडतो, आणि आवाजाची बटणं हाताखाली दबतात. काही डावखुरे सरळ उजव्या पद्धतीने शिकतात आणि छान वाजवतात. शिकण्याआधी दोन्ही करून बघा.

९. मागवून घेणार असाल तर

विकणाऱ्याला चार गोष्टी विचारा: स्केल, त्याच नगाचं वजन, नटपाशी मानेची रुंदी, आणि परत करण्याची मुदत. एकाच मॉडेलच्या दोन नगांत लाकडामुळे वजनाचा फरक पडतो, म्हणून 'त्याच नगाचं' हे शब्द महत्त्वाचे. त्याच कुळातला बेस शहरात कोणाकडे असेल तर पंधरा मिनिटं मागून बघा. वाजवणारे सहसा नाही म्हणत नाहीत. पार्सल आल्यावर पिशवी-खोका न फाडता उघडा आणि चौथी-पाचवी पायरी घरीच करा. मनात बसलेलं रूप आणि अंगावर बसलेलं वाद्य यांत मेळ नसेल तर मुदतीत परत पाठवा. सवय होईल म्हणून ठेवून घेतलेले बेस पलंगाखाली जातात.

१०. घरी आणल्यावर

नवा बेस सहसा वाजवायला तयार नसतो. जाणकाराकडून सेटअप करून घ्या, म्हणजे मानेतला ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी धातूची कांब), तारांची उंची आणि सुरांची अचूकता जुळते. त्याआधी 'माझी बोटंच कमजोर आहेत' असं ठरवू नका. तारा उंच असतील तर कोणाचीही बोटं दुखतील.

ने-आण करायला जाड गादीची गिग बॅग घ्या. दुचाकीवर पाठीला लावली की हेडस्टॉक हेल्मेटच्या वर जातो, तेव्हा पार्किंगच्या कमी उंचीच्या छताखाली आणि झाडांच्या फांद्यांखाली जपा. मागे कोणी बसणार असेल तर बॅग त्याच्या पाठीला द्या. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बेस ठेवू नका. त्या उष्णतेत मान वाकते आणि सांध्यांचा डिंकही सैल पडू शकतो.

घरात बेस स्टँडवर, डोळ्यांसमोर ठेवा. तुम्ही त्याच्या रूपावर भाळून तो आणलाय, त्याचा उपयोग होऊ द्या. फक्त स्टँड कूलरच्या झोतात ठेवू नका. ओलसर वाऱ्याने लाकूड पाणी धरतं, आणि पावसाळ्यानंतर हवा कोरडी झाली की मान पुन्हा हलते. दिवाळीच्या सुमारास तारा फ्रेटवर खडखडायला लागल्या किंवा अचानक उंच वाटल्या तर ट्रस रॉड तपासून घ्या. पहिल्या वेळी ते स्वतः करू नका, करणाऱ्याच्या शेजारी उभं राहून बघा. ट्रस रॉडची अॅलन की (षटकोनी किल्ली) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायची नसते.